आठ हजेऱ्या आणि एकच आवाज

आमच्या ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, तेही तिच्या तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. खुर्ची तिची होती, पण त्या खुर्चीवर बहुतेक वेळा तिची पर्स बसलेली असायची. ती स्वतः खिडकीपासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून खिडकीपर्यंत. विचार करायचा तर चालत, फोनवर बोलायचं तर चालत, चहा प्यायचा तोही चालत. त्यामुळे तिचे अर्धे प्यालेले कप जिन्याच्या कठड्यावर, झेरॉक्सच्या यंत्रावर, कुठेही सापडायचे. दारावरचा रखवालदार म्हणायचा, "बाई, तुमच्यामुळे या फरशीला पॉलिश करावं लागत नाही."

मी त्या ऑफिसात माहितीपुस्तिका लिहायचो. यंत्र कसं चालू करायचं, कसं पुसायचं, पाण्यात पडलं तर काय करायचं नाही, असलं लिखाण. ती मला 'लेखक' म्हणायची. अर्धी थट्टा, अर्धी माया.

आमचं यंत्र म्हणजे पाटी. तळहाताएवढी काळी काच. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी ती हातात धरायची किंवा गळ्यात अडकवायची. समोरचा बोलला की त्याचे शब्द काचेवर उमटतात. शब्द ओळखणारा प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेला. भिंगरीचं काम त्याच्याही खाली, कर्नलमध्ये. कर्नल म्हणजे यंत्राचा मुकादम: कुणाला कधी काम द्यायचं, कुणाकडून काढून घ्यायचं, हे सगळं तो ठरवतो. तिच्या भावाची, दादाची, कितीतरी दिवस अशी समजूत होती की बहीण कुणा सैन्यातल्या कर्नलच्या हाताखाली काम करते. "तुझा कर्नल सुट्टी देत नाही का गं?" असं तो अगदी मनापासून विचारायचा.

दादा सुतार. सगळं आयुष्य करवतीच्या यंत्रापाशी उभं राहण्यात गेलं आणि कान हळूहळू गेले. वहिनी वारली, तेव्हा त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मुलीचं लग्न झालेलं. भिंगरी एकटीच राहायची, ती त्याला आपल्या घरी घेऊन आली. घरात दोन माणसं, त्यातलं एक सतत फिरणारं आणि एक सतत गप्प. मग ऑफिसात पाटीचा नवा नमुना तयार झाला, नव्या प्रोसेसरचा, आणि तिने एक घरी नेली.

दादा बोलायला लागला. नुसता बोलायला नाही, सुटलाच. भाजीवाल्याशी घासाघीस, शेजाऱ्याशी राजकारण, बसमध्ये अनोळखी माणसाला त्याच्या बाकाचं लाकूड कुठलं ते सांगणं. भिंगरी ऑफिसात येऊन सांगायची, "घरी रेडिओ आणलाय मी. बंद करायचं बटणच नाही त्याला." हे सांगताना सुद्धा ती चालतच असायची, पण तेव्हाचं चालणं वेगळं होतं.

पुढे ही नवी पाटी बाजारात गेली आणि तक्रारी यायला लागल्या. आधी एक-दोन, मग बऱ्याच. पाटी मधूनच चुकीचं लिहिते. एका बाईंना डॉक्टर म्हणाले, गोळी जेवणानंतर घ्या. पाटीने लिहिलं, गोळी जेवणाऐवजी घ्या. बाईंनी दोन वेळा जेवणच केलं नाही. एका आजोबांना मुलाने सांगितलं, नातवाला बघायला या. त्यांनी वाचलं, नातवाला बदलायला या. आम्ही जेवणाच्या टेबलावर हसलो. भिंगरी हसली नाही. डबा हातात घेऊन ती लिफ्टकडे गेली.

आमच्या विभागाचे साहेब शांत माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांचं मत ठरलेलं होतं. "माइकवर बोट येत असणार लोकांचं. लेखक, पुस्तिकेत एक वाक्य घाला, बोट बाजूला ठेवा म्हणून."

"साहेब, बोट आलं तर शब्द गाळेल. दुसराच शब्द कशाला लिहील?" भिंगरी म्हणाली.

"मग तपासा."

तपासलं. पाटी टेबलावर ठेवली, समोर स्पीकरवर बोलणं लावलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एक शब्द चुकला नाही. साहेबांनी खांदे उडवले. मी पुस्तिकेत बोटाचं वाक्य घातलं.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दुपारी दादाची मुलगी, म्हणजे भिंगरीची भाची, आपल्या नवऱ्याला घेऊन आत्याकडे आली. दोघांनी नवं, मोठं घर घेतलं होतं. खुशीत होती. गप्पा लांबल्या. दादा पाटी दोन्ही मुठीत धरून मुलीच्या समोरच बसला होता, एकेक शब्द वाचत. बोलता बोलता ती म्हणाली, "बाबा, एक खोली तुमचीच ठेवलीय. तुम्ही आलात की घराला घरपण येईल."

भिंगरी तिथेच होती, खिडकी आणि दार यांच्यामध्ये कुठेतरी. तिने हे कानांनी ऐकलं.

दादाने पाटीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग चहाचा कप खाली ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेला. भाचीला वाटलं, भरून आलं असेल. बराच वेळ झाला तरी तो बाहेर आला नाही. तिने दारात जाऊन हाक मारली, खांद्याला हात लावला, तर त्याने तोंड फिरवलं. ती ओठ दाबून घरी गेली.

संध्याकाळी भिंगरीने त्याला खुणेने विचारलं, काय झालं? त्याने पाटी तिच्यापुढे धरली. शेवटच्या काही ओळी पाटीवर राहतात. तिथे लिहिलं होतं: बाबा, एक खोली तुमचीच ठेवलीय. तुम्ही आलात की घराला अडचण येईल.

"दादा, ती असं म्हणाली नाही! घरपण म्हणाली. घ-र-प-ण. मी ऐकलंय."

हे वाक्य मात्र पाटीने अगदी बरोबर लिहिलं. दादाने वाचलं आणि मान हलवली. "यंत्र तुझंच ना? तूच सांगायचीस, त्याला लाज नाही, भीड नाही, ऐकलं तसं लिहितं. माणसंच झाकतात एकमेकांचं. तू तिचं झाकतेयस."

"अरे, पण..."

"पुरे."

त्याने पाटी कपाटाच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला. त्यानंतर घरात पुन्हा एक माणूस गप्प आणि एक फिरणारं. त्याच्याशी बोलायचं तर कागदावर मोठी अक्षरं काढून दाखवायची, आणि तो कागदाकडे बघायचाच नाही.

हे तिने मला जिन्यात सांगितलं. दोन पायऱ्या वर, दोन पायऱ्या खाली, असं करत. "लेखक, मला कळत नाही मी कुणावर चिडू. त्याच्यावर? ते बिचारं यंत्रावर विश्वास ठेवून बसलंय. आणि तो विश्वास ठेवायला शिकवलं कुणी? मीच ना."

त्यानंतर तिने त्या चुकीचा पिच्छाच पुरवला. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात छोटा रेडिओ, आणि तिच्या नेहमीच्या वाटेवर येरझाऱ्या. रेडिओवर कुणीतरी शेतीच्या अवजारांवर बोलत होतं. मी माझ्या टेबलाशी होतो. तिसऱ्या की चौथ्या फेरीला ती लिफ्टपाशी थबकली आणि ओरडली, "लेखक! इकडे या!"

पाटीवर लिहिलं होतं: नांगराला रोज तेल लावून आंघोळ घाला.

"टेबलावर ही कधी चुकत नाही," ती म्हणाली, "माझ्या हातात चुकते. का? हात लावून बघा."

पाटी गरम होती. तिच्या मुठीने, आणि खिडकीतल्या उन्हाने. टेबलाच्या वर पंखा असायचा. तिने लगेच टेबलावरच्या पाटीला आपला स्कार्फ गुंडाळला आणि स्पीकर लावला. थोड्या वेळात तीही बरळायला लागली.

साहेब आले, स्कार्फ उलगडून बघितला. "म्हणजे तापल्यावर चुकते. मग हार्डवेअरवाल्यांना सांगू, थंड ठेवायची सोय करा."

"तापलेलं यंत्र बंद पडतं, साहेब, अडखळतं. हे इतकं व्याकरणशुद्ध खोटं बोलत नाही. तापल्यावर आपला कर्नल काहीतरी करतो, आणि ते चुकतंय."

कर्नल काय करतो ते तिने मला फळ्यावर काढून दाखवलं, म्हणून मला कळलं. नव्या प्रोसेसरमध्ये काम करणारे आठ कोअर. चार मोठे, चार छोटे. मोठे दांडगे, भराभर काम उरकतात पण तापतात. छोटे सावकाश, पण थंड डोक्याचे. पाटी गरम झाली की कर्नल मोठ्यांच्या हातातलं काम काढून छोट्यांकडे देतो. प्रत्येक कोअरमध्ये आकडे धरायला कप्पे असतात. तिला संशय होता तो कप्प्यांवर.

"समजा, मोठ्याच्या कप्प्यात सोळा आकडे मावतात आणि छोट्याच्या कप्प्यात आठच. काम अर्ध्यावर असताना मी ते उचलून छोट्याकडे दिलं, तर आठ आकडे सांडले की नाही? आणि बोंब मारायला कुणी नाही. शब्द ओळखणारा प्रोग्राम उरलेल्या आकड्यांवर भागवतो, जवळपासचा दिसेल तो शब्द उचलतो. घरपणच्या जागी अडचण."

"मग झालं की! सापडलं," मी म्हणालो.

"तिथेच तर घोडं पेंड खातंय. कर्नल हे विचारून घेतो आधी. यंत्र चालू झालं की पहिलं काम तेच. एकेका कोअरला विचारायचं, बाबा रे, तुला काय काय येतं, तुझे कप्पे केवढे? सगळ्यांना जमेल तेवढंच मग प्रोग्रामना जाहीर करायचं. मी बघितली ती उत्तरं. आठही जण म्हणतायत, सोळा."

"मग सोळाच असतील."

"प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या कागदावर लिहिलंय, छोट्यांचे आठ."

एक तर कागद चुकीचा होता, नाही तर छोटे कोअर खोटं बोलत होते. तिने प्रोसेसरवाल्यांना विचारलं. फार अदबीने उत्तर आलं: कागद बरोबर आहे. म्हणजे कोअर खोटं बोलत होते. पण कोअर खोटं बोलत नाही. त्याच्या आत ते उत्तर कोरलेलंच असतं. ती त्या प्रश्न विचारणाऱ्या ओळी पुन्हा पुन्हा वाचायची. मला तिच्या पडद्यावर तेच पान सकाळी दिसायचं, तेच दुपारी. खुर्ची रिकामी, पडदा चालू. ते लिखाण तिला वारशाने मिळालं होतं, ती या कंपनीत येण्याआधीचं. वाचायला इतकं सरळ, की त्यात चूक शोधणं म्हणजे पांढऱ्या भिंतीत पांढरा डाग शोधणं. जेवणाचा डबा ती न उघडता परत न्यायला लागली. कुणी काही विचारलं तर "हं" म्हणायची आणि दोन मिनिटांनी "काय म्हणालात?" म्हणत परत यायची.

आणि एके सकाळी ती आली ती सरळ माझ्याकडेच. चेहरा उतरलेला.

"दादा अवजारांची पेटी भरतोय. जुन्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे राहायला जातो म्हणाला. 'कुणालाच अडचण नको.' हाच शब्द वापरला. दर वाक्यात घालतोय तो आता. जेवताना ताट सरकवलं तरी म्हणतो, अडचण होतेय का?"

"थांबवा त्याला."

"कशाने थांबवू? माझ्या बोलण्यापेक्षा त्या पाटीवर जास्त विश्वास आहे त्याचा."

त्या दिवशी तिचं चालणं बघवत नव्हतं. रखवालदारसुद्धा थट्टा करायचा थांबला. दुपारी ती लिफ्टकडून येता येता मध्येच उभी राहिली, स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि धावतच टेबलाकडे आली. पर्स खाली टाकली आणि खुर्चीत बसली.

"लेखक, मी प्रत्येकाचं उत्तर बघत बसले. पण उत्तर देतंय कोण, हे मी विचारलंच नाही."

तिने त्या लिखाणात एकच ओळ वाढवली. प्रत्येक उत्तरासमोर उत्तर देणाऱ्या कोअरचा क्रमांक छापायचा, एवढंच. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडद्यावर आठ ओळी आल्या. पहिल्या कोअरला विचारलं, उत्तर दिलं पहिल्याने. दुसऱ्याला विचारलं, उत्तर दिलं पहिल्याने. तिसऱ्याला विचारलं, पहिल्याने. आठव्यापर्यंत सगळीकडे पहिलाच.

ती तोंडावर हात ठेवून हसायलाच लागली. "अहो, हजेरी लावतोय हा! वर्गात एकटाच बसलाय आणि सगळ्यांच्या नावाने 'हजर' म्हणतोय!"

झालं होतं ते असं. यंत्र चालू होताना आधी एकच कोअर जागा होतो, आणि तो बाकीच्यांना उठवतो. प्रश्न विचारायचे ते सगळे उठल्यावर. पण कुणीतरी तो भाग उचलून आधी नेऊन ठेवला होता, बाकीचे झोपेत असतानाच. विचारणारा एक, जागा असलेला एक, त्यामुळे आठही वेळा त्याचंच उत्तर. सगळे कोअर सारखे होते तोवर याने काही बिघडत नव्हतं. एकाचं उत्तर तेच सगळ्यांचं. नवा प्रोसेसर आला, त्यात मोठे-छोटे आले, आणि जो जागा होता त्या मोठ्याने झोपलेल्या छोट्यांच्या नावावर कबुली देऊन टाकली.

साहेब आले. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. ते वाचत गेले. हुशार माणूस; समजायला वेळ लागला नाही.

"हे पुढे कुणी आणलं?" त्यांनी विचारलं.

कुठली ओळ कुणी बदलली याची नोंद असते. तिने ती दाखवली नाही. म्हणाली, "यंत्र लवकर चालू व्हावं म्हणून केलेलं दिसतंय. मागच्या प्रोसेसरच्या वेळी."

साहेबांनी चष्मा काढला. "तेव्हा सगळे सारखेच होते गं," ते म्हणाले.

"हो, साहेब. तेव्हा बरोबरच होतं ते."

दुरुस्ती लहान होती. प्रत्येक कोअर स्वतः उठल्यावर स्वतःच्या तोंडाने उत्तर देईल, सगळ्यांत अरुंद कप्पा ज्याचा असेल त्याच्या मापाने सगळे चालतील, आणि जाहीर झालेलं ज्याला जमत नाही असा कुणी उशिरा उठला, तर त्याला कामच द्यायचं नाही. स्कार्फ गुंडाळून, उन्हात ठेवून, अगदी साहेबांनी खिशात घालून दिवसभर फिरून पाहिलं. पाटी कुठेच चुकली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता तरी ती बसेल.

पण तिची कटकट आता माझ्या टेबलाशी सुरू झाली. नवी दुरुस्ती सगळ्या ग्राहकांच्या पाट्यांवर जाणार होती, आणि तिच्याबरोबर एक सूचना. साहेबांनी मला मजकूर सांगितला: 'आपल्या पाटीच्या कार्यक्षमतेत सुधारणा करण्यात आली आहे.'

तिने ते वाचलं. "हे काय आहे?"

"सूचना."

"ही सूचना नाही, गुळगुळीत गोटा आहे. सुधारणा कसली? आपण इतके दिवस लोकांना खोटे शब्द दाखवले, ते लिहा."

ती साहेबांच्या खोलीत गेली, आणि मला मागून यायला सांगितलं. साहेब म्हणाले, "दुरुस्त झालंय ना? मग मागचं उकरून कशाला काढायचं? लोक घाबरतील. यंत्रं आणून आपल्या दारात टाकतील."

"टाकू देत."

"तुला सोपं वाटतं ते."

"साहेब, माझ्या घरात एक माणूस पेटी भरून बसलाय. मुलीचा आवाज त्याला आठवत नाही, तिचं ते वाक्य तेवढं आठवतंय, आणि ते तिचं नाहीच. मला निदान ठाऊक आहे ते चुकलं होतं. बाकीच्या घरांत कुणाला ठाऊक आहे? कोण कुणाशी अबोला धरून बसलंय, आपल्याला काय माहीत? आणि आपण त्यांना लिहितोय, कार्यक्षमतेत सुधारणा."

ती खोलीत चालत नव्हती. टेबलाच्या कडेला धरून उभी होती. साहेबांनी सूचनेचा कागद पुढे ओढला. मग माझ्याकडे वळले.

"लिहा. या काळात पाटीने काही शब्द चुकीचे दाखवले असतील. समोरच्या माणसाच्या बोलण्याबद्दल शंका असेल, तर कृपया त्यांनाच विचारा. चूक आमची आहे." मग म्हणाले, "आणि खाली विभागाचं नाव नको. माझं घाला."

त्याच दिवशी ती लवकर घरी गेली. दादाची पेटी दाराशीच होती. तिने खणातली पाटी काढली, तिच्यावर दुरुस्ती चढवली, मग कागद घेऊन सगळं लिहून काढलं: आठ जण, एकाचीच हजेरी, सांडलेले आकडे. दादाने या वेळी वाचलं. हजेरीपाशी त्याला हसू आलं, ते त्याने आवरलं.

"म्हणजे त्या दिवशी हे चुकलं होतं, असं हे यंत्र सांगतंय?"

तिने पाटी त्याच्या हातात दिली आणि तोंडाने बोलली. "नाही, दादा. ते चुकू शकत होतं, एवढंच मी सिद्ध केलंय. त्या दुपारचा आवाज कुठे राहिलेला नाही. यंत्र काहीच सांगू शकत नाही."

"मग कोण सांगणार?"

"मी सांगतेय की. पहिल्या संध्याकाळपासून."

त्याने पाटी गळ्यात अडकवली. "चप्पल घाल," म्हणाला.

दोघं भाचीच्या नव्या घरी गेली. दारात मुलीने बापाला बघितलं आणि बाजूला झाली, पण 'या' म्हणाली नाही. आत्यानेच सगळं सांगितलं. भाची ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा सैल व्हायच्या ऐवजी आणखी ताठ झाला.

"यंत्र चुकलं, ठीक आहे," ती बापाकडे वळून म्हणाली. "पण बाबा, तुम्हाला ते खरं कसं वाटलं? मी असं म्हणेन असं वाटलंच कसं तुम्हाला? एकदा तरी विचारायचं!"

दुरुस्त झालेल्या पाटीने मुलीची लिहिलेली पहिली वाक्यं ही. एक शब्द इकडचा तिकडे नाही. दादाने ती सावकाश वाचली.

"मला ते आधीपासूनच वाटत होतं," तो म्हणाला. "कान गेले तेव्हापासून. पाटीवर दिसलं तेव्हा वाटलं, चला, कुणीतरी बोललं एकदाचं."

भाची रडली, आणि रडता रडता भांडली. तोही भांडला. भिंगरी मला म्हणाली, "लेखक, मी तिथे नको होते. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. आतून दोघांचे आवाज येत होते. एकाला ऐकू येत नाही म्हणून तो मोठ्याने, आणि त्याला ऐकू येत नाही हे विसरून ती मोठ्याने."

दादा मुलीकडे राहायला गेला नाही. पण दुकानामागच्या खोलीतही गेला नाही. बहिणीकडेच राहिला, आणि आठवड्यातले बरेच दिवस मुलीच्या घरी दारं-खिडक्या ठीक करण्यात घालवू लागला. जावई म्हणतो, आमच्या घरात न कुरकुरणारं दार आता उरलं नाही, सासरे आधी त्याला कुरकुरायला लावतात आणि मग दुरुस्त करतात. भाची अजून मधूनच तो विषय काढते. सगळं काही मिटलेलं नाही.

सूचना गेल्यावर काही लोकांनी खरंच पाट्या परत केल्या. साहेबांना वरून बोलणी बसली. त्यांनी ती खाली येऊ दिली नाहीत. बऱ्याच जणांची पत्रं आली, आणि ती वाचण्याचं काम भिंगरीने आपणहून मागून घेतलं. चिडलेली होती, आभार मानणारीही होती. एकाने नुसतं विचारलं होतं, 'म्हणजे माझी बायको तसं म्हणाली नव्हती का?' एका आजीबाईंचं होतं: 'माझ्या जावेने चारचौघांत मला आगाऊ म्हातारी म्हटल्याचे पाटीवर दिसले. तेव्हापासून मी तिच्याकडे गेले नाही. ते खरे की चूक, हे तपासून कळवावे.'

भिंगरीने प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहिलं. आजीबाईंना लिहिलं, 'आम्हाला सांगता येणार नाही, त्याबद्दल माफ करा. त्यांनाच विचारून बघा.'

काही दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. तेव्हा ती खिडकीकडून लिफ्टकडे निघाली होती. मी तिला ते वाटेतच गाठून वाचून दाखवलं.

'विचारले. म्हणालीच होती. मग मीही तिला चार शब्द सुनावले. काल दोघी मिळून चहा प्यालो.'